लायसन्स हाती आलं, गाडी कोण देणार?

गेल्या अंकात जड वाहनाचं लायसन्स कसं काढायचं ते सांगितलं होतं. त्यानंतर सोलापूर शहर, मोहोळ, अक्कलकोट, बार्शी इथून आलेल्या पत्रांचा सूर जवळपास एकच आहे. लायसन्स झालं, पण लाईनच्या गाडीवर आठ-आठ दिवस जायचं नाही, रोज घरी यायचंय, तर काम कुठे मिळेल? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: वय २४. तीन महिन्यांपूर्वी ट्रान्सपोर्टचं लायसन्स मिळालं. हैदराबाद रस्त्यावरच्या आठ-दहा ट्रान्सपोर्ट ऑफिसांत जाऊन आलो. सगळे ‘आधी कुणाकडे होतास?’ एवढं विचारतात आणि नंबर लिहून घेतात. फोन कुणाचाच येत नाही. अनुभव नसताना सुरुवात कुठून करायची?
*– एक वाचक, शेळगी*

नंबर लिहून घेणं हा सभ्य नकार आहे, त्याची वाट बघत बसू नका. मालकाची अडचणही समजून घ्या. गाडी कर्जावर असते, माल परक्याचा असतो. ड्रायव्हरचं लायसन्स त्या वर्गाचं नसलं किंवा मुदत संपलेली असली, तर अपघातात विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून तो ‘कुणाकडे होतास’ विचारतो. त्याला तुमच्याबद्दल सांगणारं कुणीतरी हवं असतं.

ते कुणीतरी मिळवायचा सोलापुरातला जुना रस्ता म्हणजे बदली. कायम ड्रायव्हर गावी गेला, आजारी पडला, लग्नाला गेला की मालकाला दोन-चार दिवसांसाठी माणूस लागतो, आणि तो सकाळी सहाला लागतो. ऑफिसात दुपारी बाराला जाऊन हे काम मिळत नाही. मार्केट यार्डाच्या आसपास आणि टेम्पो स्टँडवर पहाटे जा, मालकाआधी तिथल्या ड्रायव्हरांशी ओळख करा. सुट्टीवर जाणारा ड्रायव्हरच स्वतःच्या जागी माणूस सुचवतो. मात्र जो त्याची जागा खाईल असं वाटतं, त्याला तो कधीच सुचवत नाही. बदलीवर असताना मालकाकडे कायमचं काम मागू नका.

गाडीही लहान निवडा. पहिले सहा महिने छोटा हत्ती, पिकअप किंवा ४०७ चालवायला कमीपणा मानू नका. लायसन्स दहा टायरचं आहे म्हणून दहा टायरच हवी असा हट्ट धरणारे सगळ्यात जास्त दिवस घरी बसतात. साखर पेठ, कन्ना चौक भागातल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींच्या गाठी उचलून ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवणं हे पिकअपचं काम आहे. बोळ अरुंद, वर लोंबणाऱ्या वायरी, समोरून रिक्षा. दिवसाला दहा-बारा वेळा गाडी मागे घ्यावी लागते. आरशात बघून रिव्हर्स घेण्याचा इतका सराव दुसऱ्या कुठल्याही कामात होत नाही.

पुढची पायरी एमआयडीसीतली. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी या दोन वसाहतींतून शहरातली गोदामं, मार्केट यार्ड, रेल्वेचा माल धक्का अशा ठरलेल्या फेऱ्या असतात. इथे १४, १७, १९ फुटी (म्हणजे तेवढ्या लांब बॉडीच्या) गाड्या चालतात. कंपनीच्या गेटवर थेट जाऊन उपयोग नाही. बहुतेक कंपन्यांच्या गाड्या ठेकेदाराच्या असतात. गेटवरच्या सिक्युरिटीला ‘लोकलची गाडी कुणाची लागते?’ एवढं विचारा आणि त्या ठेकेदाराला गाठा. होटगी बाजूचं सिमेंट आणि एनटीपीसीची राख ही कामं बारमाही आहेत, पण तिथे बहुतेक बल्कर (सुटी पावडर नेणारी बंद टाकीची गाडी) किंवा मोठ्या गाड्या लागतात. ती दुसऱ्या वर्षी.

वेळ कोणती, हेही महत्त्वाचं. ऑक्टोबरच्या अखेरीस साखर कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात आणि बरेच जुने ड्रायव्हर ऊसवाहतुकीकडे वळतात. त्यातच दिवाळीला माणसं गावी जातात आणि मागोमाग मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढत जाऊन डिसेंबर-जानेवारीत शिगेला पोचते. गाड्या आहेत, माणूस नाही, अशी स्थिती वर्षातून याच दिवसांत येते. सप्टेंबरपासूनच ओळखी लावून ठेवा. ऊस मात्र नव्या माणसाने धरू नये. रात्रीची वाहतूक, शेतातले कच्चे रस्ते, बाहेर आलेला माल आणि कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या लांब रांगा. शिकायला कमी, अडकायला जास्त.

बरोबर एक फाईल ठेवा. त्यात लायसन्सची प्रत, आधार, पॅन, बँक पासबुक, पोलीस चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र, डोळ्यांची तपासणी. लायसन्सवर दोन मुदती असतात, खासगी वाहनाची वेगळी आणि ट्रान्सपोर्टची वेगळी. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. अनेक जण लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात आणि ट्रान्सपोर्टची कधी संपली ते चेकनाक्यावर कळतं. संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केलं नाही, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आणि मधल्या काळात गाडी चालवायचीच नाही.

बदलीचं काम झालं की मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या: गाडीचा नंबर, किती फुटी किंवा किती टायरची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. लेटरहेड नसेल तर व्हॉट्सॲपवर चालेल. असे चार-पाच मेसेज जमले की ‘आधी कुणाकडे होतास’ याचं उत्तर तुमच्या खिशात असतं.

दोन गोष्टींना ठाम नकार द्या. मूळ लायसन्स कुणाकडे ठेवायला देऊ नका, प्रत द्या. आणि सुरुवातीलाच मोठी उचल घेऊ नका. वीस-तीस हजारांची उचल अंगावर असली की पगार ठरवणं, सुट्टी मागणं, काम सोडणं, कशातच तुमचा शब्द चालत नाही.

प्रश्न: माझ्याकडे फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, त्यावर ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. १४ फुटी आयशर चालवली तर चालेल का? एक जण हो म्हणतो, एक जण नाही.
*– एक वाचक, मोहोळ*

गाडीचं आरसी बुक बघा. त्यावर ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ म्हणजे मालासकट कमाल वजन लिहिलेलं असतं. ते ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं. छोटा हत्ती आणि पिकअप यात सहज बसतात. १४ फुटीमध्ये मात्र काही मॉडेल आत आहेत, काही बाहेर. बॉडीच्या फुटांवरून ठरवू नका, आकडा वाचा. धोकादायक माल असेल तर ही सवलत लागू नाही.

प्रश्न: ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिकाम्या ट्रकवर शिकलो. आता एका ठेकेदाराने १९ फुटी गाडीवर ट्रायल घेतो म्हणून सांगितलंय, तीही भरलेल्या. ट्रायलमध्ये काय बघतात? काय चुकतं?
*– एक वाचक, कुमठे*

स्टेअरिंगला हात लावायच्या आधीच निम्मी ट्रायल झालेली असते. किल्ली घेऊन जो थेट केबिनमध्ये चढतो, त्याच्याबद्दल मालकाचं मत तिथेच बनतं. आधी गाडीभोवती एक फेरी मारा. खाली तेल किंवा पाणी सांडलंय का? मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का? तो तसाच राहिला तर टायरची भिंत कापतो, किंवा वेगात सुटून मागच्या गाडीची काच फोडतो. व्हील नटांकडे नीट बघा. नटाच्या मुळापासून गंजाची तांबडी रेघ बाहेर आलेली दिसली, तर तो नट सैल आहे असं समजा आणि मालकाला दाखवा. ताडपत्रीची गाठ, मागचे दिवे, स्टेपनी. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

इंजिन चालू केल्यावर हवेच्या गेजकडे बघा. टाकीत पुरेसा दाब येईपर्यंत इशाऱ्याचा दिवा आणि बझर चालू राहतो. तो बंद झाल्याशिवाय पार्किंग ब्रेक सोडायचा नाही. हवा कमी असताना मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप धरलेले असतात. अशा वेळी गाडी रेटली तर लायनर घासतात आणि क्लच जळतो. शाळेतल्या गाडीत हवा बहुधा आधीच भरलेली असते, त्यामुळे नव्या मुलांना हे माहीतच नसतं.

भरलेली गाडी पहिल्या गियरमध्ये उचला. रिकामी दुसऱ्यात उठते, म्हणून शाळेतली सवय दुसऱ्याची असते. मग गाडी उठत नाही, आपण अर्ध्या क्लचवर ॲक्सिलेटर देत राहतो आणि केबिनमध्ये जळका वास येतो. त्या वासावर बरेच जण नापास होतात. गाडी चालू लागली की डावा पाय क्लचवरून पूर्ण काढून बाजूला ठेवा, नुसता टेकवलेलाही नको.

मालक एकदा तरी पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावतो. पार्किंग ब्रेक लावा, पहिला गियर टाका, क्लच धरू लागला की इंजिनचा आवाज जड होतो, तेव्हा ब्रेक सोडा. गाडी फूटभरही मागे आली नाही पाहिजे. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची चलाखी दाखवू नका. इंजिनची पकड गेली की भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर येते, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. एअर ब्रेक पंप करू नका, दर दाबाला हवा खर्च होते. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रिकाम्या गाडीची मागची चाकं जोरात ब्रेक मारल्यावर लॉक होऊन घसरतात, हेही ध्यानात असू द्या.

वळणावर मागचं चाक आत कापतं. गेटमध्ये शिरताना केबिनचं तोंड आधी नेहमीपेक्षा पुढे काढा, मगच वळवा. नाहीतर मागचं चाक गेटचा खांब घेतं.

आता रिव्हर्स. लोकल कामात पगार खरं तर याच कौशल्याचा मिळतो. शक्यतो आपल्या बाजूच्या आरशात दिसेल अशा बाजूनेच गाडी मागे घ्या, म्हणजे उजव्या हाताला वळत. क्लिनरला उजव्या मागच्या कोपऱ्याच्या बाहेर उभं करा. ‘येऊ दे, येऊ दे’ ऐकू येतंय, पण माणूस आरशात दिसत नाही, असं झालं की गाडी जागेवर थांबवा. तो गाडीच्या मागे आलेला असू शकतो. शंका आली तर खाली उतरून बघा. उतरलात म्हणून कुणी हसत नाही. धक्क्याला बंपर लावलात तर हसतात आणि पैसेही कापतात.

सराव घरच्या घरी करता येतो. ट्रकची बॉडी साधारण अडीच मीटरच्या आसपास रुंद असते. मोकळ्या जागेत दोन रिकामे ड्रम साडेतीन मीटर अंतरावर ठेवा आणि ओळखीच्या कुणाची गाडी घेऊन सरळ, मग उजवीकडून, मग डावीकडून मागे घ्या. डावीकडून जमेपर्यंत ट्रायलला जाऊ नका.

बीएस-६ गाडी असेल तर डॅशबोर्डवरच्या दोन दिव्यांची नावं माहीत असू द्या. एक युरियाच्या द्रावणाचा, म्हणजे आपण डीईएफ म्हणतो त्याचा. टाकी रिकामी झाली की इंजिनची ताकद कमी होते. त्यात पाणी ओतणाऱ्यांची महागडी दुरुस्ती होते. दुसरा डीपीएफचा. लोकल कामात छोट्या फेऱ्या आणि गाडी उभी ठेवून इंजिन चालू, यामुळे सायलेन्सरच्या आतल्या गाळणीत काजळी लवकर साठते. दिवा लागला की मालकाला सांगून, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे उभ्या गाडीत रिजनरेशन करा, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाका. त्या वेळी सायलेन्सर प्रचंड तापतो, तेव्हा गाडी वाळक्या गवतात किंवा कडब्याजवळ उभी नको. दिवा तसाच ठेवून चालवत राहिलात तर गाळणी बदलायची वेळ येते, आणि तो खर्च पुढे कुणाच्या नावावर जातो हे सांगायला नको.

प्रश्न: एक मालक महिन्याचा पगार देतो, दुसरा फेरीवर पैसे देतो. फेरीवाला जास्त मिळतील म्हणतो. शिवाय ‘ॲव्हरेज बसलं नाही तर डिझेल कापणार’ अशी अट आहे. काय स्वीकारू?
*– एक वाचक, बाळे*

आकडे मांडून बघा. समजा पगार १५,००० आणि कामाच्या दिवशी १०० रुपये खोराकी, म्हणजे जेवणखर्च. २६ दिवसांचे १७,६०० झाले. दुसरीकडे फेरीला ३५० आणि दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे १८,२००. वरवर फेरीवाला सरस. पण महिन्यातले दहा दिवस गाडी भरायला उशीर झाला आणि एकच फेरी झाली, तर फेऱ्या ४२ आणि पैसे १४,७००. गाडी भरायला किती वेळ लागतो हे तुमच्या हातात नसतं. हमालांची टोळी, गोदामाचा मुनीम, काट्याची रांग, शहरात जड वाहनांना असलेल्या वेळा, हे सगळं मधे येतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूरकडचे वळवलेले रस्ते. नव्या माणसाने पहिलं वर्ष पगारच घ्यावा, असं आमचं मत आहे. फेरीच घ्यायची असेल तर इतकं आधी ठरवा: ठरावीक तासांपेक्षा जास्त गाडी उभी राहिली तर हॉल्टिंगचे किती, आणि पार्टीने माल परत पाठवला तर ती फेरी धरणार की नाही.

डिझेलची अट पूर्ण नाकारता येत नाही, कारण या धंद्यात डिझेलची चोरी होते हे मालकाला माहीत आहे. मात्र आकडा कुठून आला ते विचारा. लाईनवर चालणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज लोकल फेऱ्यांना लावणं अन्याय आहे. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर इंजिनाप्रमाणे तासाला एक-दोन लिटर जातं. टायरमध्ये हवा कमी, ब्रेक घासतोय, एअर फिल्टर तुंबलाय, या सगळ्यांचं डिझेल ड्रायव्हरच्या नावावर पडतं. म्हणून रुजू होताना मालकासमोर टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटरचा फोटो काढा, आठवडाभर नेहमीचं काम करा, पुन्हा त्याच पंपावर टाकी भरा. झालेले किलोमीटर भागिले भरलेलं डिझेल. तोच आकडा धरा आणि त्याच्या खाली अर्ध्या किलोमीटरपर्यंतची सूट मागून घ्या.

चलनाचंही तसंच. मोबाईल, सीट बेल्ट, सिग्नल तोडणं हे तुमचं. विमा, फिटनेस, पीयूसी, झिजलेले टायर हे मालकाचं. रुजू व्हायच्या दिवशी हे सगळं त्याला एका मेसेजमध्ये पाठवा आणि त्याचा ‘ओके’ येऊ द्या. स्टॅम्प पेपरची गरज नाही. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नको.

कायद्यातला कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा आहे. प्रत्यक्षात गाडी भरायची वाट बघण्यातच निम्मा दिवस जातो आणि मालक तो वेळ मोजत नाहीत. तुमच्या डायरीत मात्र लिहीत चला.

प्रश्न: सिमेंटच्या गाडीवर लागलोय. सहा टायर गाडीत २६० गोण्या भरायला सांगतात. ‘सगळेच भरतात, धरलं तर आम्ही बघू’ म्हणतात. कागदांचंही काही कळत नाही.
*– एक वाचक, होटगी*

हिशोब सोपा आहे. आरसीवर गाडीचं कमाल वजन १८,५०० किलो आणि रिकामी गाडी काट्यावर ६,८०० किलो भरली असं धरू. उरले ११,७०० किलो. गोणी ५० किलोची, म्हणजे २३४ गोण्या. २६० भरल्या की १,३०० किलो जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. तो उतरवायची मजुरी वेगळी, आणि रस्त्यावर त्या गोण्यांची राखण तुम्हालाच करावी लागते. वजन करायला गाडी थांबवली नाही तर दंड ४०,००० आहे. कायद्याच्या भाषेत गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही येतात. ‘आम्ही बघू’ म्हणणारा मालक त्या वेळी फोन उचलतोच असं नाही.

आरसीवरच्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. टाकीतलं डिझेल, स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड, तुम्ही आणि क्लिनर धरून रिकाम्या गाडीचा एकदा काटा करा आणि ती पावती केबिनमध्ये ठेवा. भरल्यावर पुन्हा काटा. दोन पावत्या दाखवून ‘इतक्या गोण्या कमी करा’ म्हणणाऱ्या नव्या ड्रायव्हरला मालक चिडून बोलतो, पण बहुतेक वेळा ऐकतो.

कागदांत बिल, बिल्टी (माल घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना). माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. गेटमधून निघताना त्यावरचा गाडीचा नंबर स्वतः वाचून बघा. बदली गाडी असेल तर जुन्याच गाडीचा नंबर राहून जातो, आणि पकडल्यावर माल जागेवर अडकतो. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. लोकलमध्ये म्हणजे एकच दिवस. गोदाम बंद मिळालं आणि माल गाडीतच राहिला, तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. ते ट्रान्सपोर्टवाल्याने करायचं असतं, पण त्याला फोन करून आठवण तुम्हीच द्यायची. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवली तरी चालतात.

प्रश्न: यंत्रमागावर बावीस वर्षं काम केलं. काम कमी झालंय. वय ४२. आता ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढलं तर कुणी घेईल का?
*– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर*

घेतील. लोकल कामाला तर तिशी-चाळिशीतला, संसारी माणूस अनेक मालकांना जास्त पसंत पडतो. डोळे आणि कान मात्र आधी चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला वैद्यकीय प्रमाणपत्र कोणत्याही वयात लागतंच, पण मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांचं ऐकणं कमी झालेलं असतं आणि ते त्यांना स्वतःला कळत नाही. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा. गाठी बांधणं, माल मोजणं, कारखान्यांचे पत्ते, दिवाणजींच्या ओळखी हे सगळं तुमच्याकडे आहेच. टॉवेल-चादरीच्या मालासाठी पिकअप ठेवणाऱ्यांकडेच आधी विचारा.

प्रश्न: पाकणीच्या डेपोतून टँकर चालवणाऱ्यांना पैसे चांगले मिळतात म्हणे. त्यासाठी काय करावं लागतं?
*– एक वाचक, तिऱ्हे*

पेट्रोल, डिझेल, गॅस हा धोकादायक माल. नुसतं ट्रान्सपोर्टचं लायसन्स पुरत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतला तीन दिवसांचा कोर्स करावा लागतो आणि त्या प्रमाणपत्रावर आरटीओकडून लायसन्सवर नोंद होते. नोंद तीन वर्षं चालते. आपली एखादी भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं ही नियमातलीच अट आहे. ती दिखाऊ नाही. टँकरवरच्या केशरी फलकावरचा आकडा वाचता आला पाहिजे: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं. गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर काय वापरायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. ते अपघात झाल्यावर पहिल्यांदा वाचायचं नसतं.

अर्धा भरलेला टँकर वळणावर गाडीला एका अंगावर झुकवतो, कारण आतलं द्रव बाहेरच्या बाजूला लोटतं. हे पोतं-गाठीच्या मालात होत नाही. म्हणून साध्या मालाची दोन वर्षं झाल्याशिवाय टँकर धरू नका. मधली पायरी हवी असेल तर राखेचा किंवा सिमेंटचा बल्कर बरा. त्याला धोकादायक मालाची नोंद लागत नाही. मात्र तिथे माल उतरवायचा कॉम्प्रेसरही ड्रायव्हरच चालवतो. टाकीतला दाब शून्यावर आल्याचं गेजवर बघितल्याशिवाय वरचं झाकण उघडायचं नाही. घाई करणाऱ्याच्या तोंडावर झाकण उडतं. आणि उतरवताना गाडी सपाट, पक्क्या जमिनीवरच उभी हवी.

प्रश्न: मुलगा नुकताच लोकल ट्रकवर लागलाय. जिवाला घोर असतो. अपघात झाला तर लोक मारतात म्हणून ड्रायव्हर पळून जातात असं ऐकते. त्याने अशा वेळी काय करायचं?
*– एक आई, विजापूर रस्ता, सोलापूर*

ताई, कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्याला सूट आहे, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. पण ती सूट घटनास्थळावरून दूर होण्यापुरती. त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, माहिती द्यायची. गाडी सोडून थेट पोलीस ठाण्यात गेलेला आणि गाडी सोडून गावी पळालेला, यांत कोर्ट फरक करतं.

मोबाईलमध्ये १०८, ११२ आणि महामार्गासाठी १०३३ हे नंबर वरच ठेवायला सांगा. आधी १०८, मग ११२, मग मालक. बहुतेक जण उलट क्रमाने फोन करतात आणि पहिली दहा मिनिटं मालकाच्या शिव्या ऐकण्यात जातात. जखमीच्या उपचारांसाठी मे २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंतची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून सात दिवसांसाठी. दवाखान्यात ‘पैसे कोण भरणार’ असं विचारलं तर तिचं नाव घ्यावं. मालकाला सांगून विमा कंपनीलाही लेखी कळवायचं, तेही त्याच कलमात आहे.

रात्री झोप झाली नसेल तर सकाळची फेरी त्याने नाकारावी, हे त्याला तुम्हीच ठणकावून सांगा. मालकाला तो नाही म्हणू शकत नसेल तर ‘आई सोडत नाही’ म्हणू दे, चालतं.

आणि बँकेत जाऊन त्याच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. मे महिन्यात खात्यात शिल्लक नसली तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो, तेवढं बघा. वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय, तेही पासबुक भरून घेताना विचारून घ्या.